पूजेतली मुळी

ब्राह्मी मगदूमनं सातवी नळी खिडकीकडं धरून पाहिली, खाली ठेवली, चष्मा पुसला आणि पुन्हा उचलली. नळीतलं पाणी पिवळं झालं होतं. ते गुलाबी राहायला हवं होतं.

साताऱ्यातल्या एका कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात ती तीन वर्षं एकाच कामाच्या मागं होती. घोरपडीची चोरून शिकार होते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण माल पकडला तरी तो घोरपडीचाच आहे हे सिद्ध करायला नमुना लांबच्या प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. अहवाल यायला महिने जातात आणि तोवर धरलेला माणूस जामिनावर सुटून पुन्हा धंद्याला लागलेला असतो. ब्राह्मीला अशी चाचणी तयार करायची होती, की साध्या वनरक्षकानं जागेवर, तासाभरात करावी. संशयाच्या वस्तूची चिमूटभर भुकटी औषधात घोळवायची, त्यातला थेंब गुलाबी पाण्याच्या नळीत सोडायचा आणि जेवणाच्या डब्याएवढ्या यंत्रात नळी गरम ठेवायची. घोरपडीचा डीएनए असेल तर पाणी पिवळं पडतं. नसेल तर गुलाबीच राहतं.

तिला सगळ्यात जास्त चीड होती हत्ताजोडीची. दोन हात जोडल्यासारखी दिसणारी ही तपकिरी वस्तू ‘विंध्य पर्वतातली दुर्मीळ मुळी’ म्हणून पूजेच्या दुकानात आणि मोबाइलवर विकली जाते. लोक ती शेंदरात ठेवतात, तिला ऊद दाखवतात. प्रत्यक्षात ती मुळी नसतेच. नर घोरपडीला पकडून, त्याचं जननेंद्रिय कापून वाळवलं की ही हत्ताजोडी तयार होते. कापताना तो जिवंत असला तरी कापणाऱ्याला फरक पडत नाही.

आता चाचणी खरी ठरायची तर तिनं नुसतं हो म्हणून भागत नाही. जिथं नाही म्हणायचं तिथं ठामपणे नाही म्हटलं पाहिजे. त्यासाठी खऱ्याखुऱ्या मुळ्या हव्या होत्या. ब्राह्मीनं आईला फोन करून सांगितलं, घरात असतील नसतील त्या वाळक्या मुळ्यांचा एकेक तुकडा पाठव. चार दिवसांनी सांगलीहून येणाऱ्या एका ओळखीच्या बाईबरोबर सात पुड्या आल्या. वहीच्या कागदात बांधलेल्या, वर आईचं गोल अक्षर. हळकुंड, सुंठ, वेखंड, ज्येष्ठमध, शतावरी, अश्वगंधा. सातवीवर नुसतंच लिहिलं होतं, ‘पूजेतली’. आत नखाएवढा काळपट तुकडा. असेल कसली तरी वनस्पती, म्हणून ब्राह्मीनं तो कुटला आणि वहीत पुढचा क्रमांक टाकला.

सहा नळ्या गुलाबी राहिल्या. सातवी पिवळी झाली.

तिनं हातमोजे बदलले, टेबल पुसलं, नवी औषधं काढली आणि पुन्हा केलं. पिवळी. दुसऱ्या खोलीत जाऊन केलं. पिवळी. तेव्हा ती तिच्या मार्गदर्शक क्रांती मॅडमकडं गेली. मॅडम मूळच्या वडूजच्या, पन्नाशीच्या, बोलायला फटकळ.

“तुझ्या हाताला काहीतरी लागलंय,” त्या म्हणाल्या. “तुझे नमुने, तुझं टेबल, सगळीकडं घोरपडच आहे. सरक, मी करते.”

चाळीस मिनिटं दोघी यंत्रासमोर स्टुलावर बसून राहिल्या. मॅडमनं झाकण उघडलं, नळी काढली आणि हातात तशीच धरून ठेवली.

“ब्राह्मी, हे आलं कुठून?”

“घरून. आईनं पाठवलंय.”

मॅडमनं नळी परत जागेवर ठेवली. मग म्हणाल्या, “फोन कर. माझ्यासमोर नको, बाहेर जाऊन कर.”

ब्राह्मी जिन्यात आली. दोन तासांच्या मधली सुटी होती, पोरं वरखाली धावत होती. आईनं पहिल्या घंटेलाच फोन उचलला.

“मिळाल्या व्हय गं पुड्या?”

“मिळाल्या. आई, सातव्या पुडीत काय हुतं?”

“पूजेतली मुळी. जोडमुळी म्हणत्यात तिला. पुराच्या वर्षी डबी भिजली तवा तिचं टोक मोडलं. ते म्या जपून ठेवलं हुतं. म्हटलं, बाकीच्या काय, बाजारच्या. ही जागती मुळी हाय. पोरीच्या कामाला यश येऊ दे.”

“दिसायला कशी हाय ती?”

“दोन हात जोडल्यागत. बारीक बोटं सुदा हायत बघ.” आईनं आवाज उतरवला. “आण्णास्नी बोलू नकोस हां. त्यास्नी असलं चालत न्हाई.”

ब्राह्मी पायरीवर बसली. फोन चालूच होता. आई पलीकडून हॅलो, हॅलो म्हणत राहिली.

ही आई म्हणजे राजमती. पाणी दुहेरी कापडातून गाळल्याशिवाय चुलीवर न ठेवणारी, कांदा-बटाट्याला उभ्या जन्मात हात न लावलेली. मध काढताना माश्या मरतात म्हणून खोकल्याच्या औषधाची बाटलीसुद्धा आधी वाचून घ्यायची. भाजी निवडताना अळी सापडली तर ती पानासकट उचलून बांधावर ठेवून यायची. वारणाकाठच्या त्यांच्या गावात बस्तीच्या, म्हणजे जैन मंदिराच्या, पंगतीला काय शिजवायचं आणि काय नाही, हे बायका राजमतीला विचारून ठरवत. अशा बाईच्या देवघरात आठ वर्षं काय पूजलं जात होतं, ते त्या नळीनं सांगितलं होतं.

मॅडमनं तिला आत बोलावून वही पुढं ठेवली. “चाचणीत आलंय ते लिहून झालंय, ते आता खोडायचं नाही. पण नमुना कुठून आला, तो रकाना तू मोकळा ठेवलायस. घरी जाऊन ये. काय लिहायचं ते तू ठरव. मी विचारणार नाही.” आणि थोड्या वेळानं, “मी नाही विचारलं तरी कायदा विचारेल, हे लक्षात ठेव.”

दुसऱ्या दिवशी दुपारी ब्राह्मी घरी पोचली. आण्णा, म्हणजे तिचे वडील रामगोंडा मगदूम, उसाला पाणी पाजायला मळ्यात गेले होते. आई सोप्यात हळकुंडं पाखडत बसली होती. लेक अशी मधल्या वारी, न कळवता आलेली पाहून तिच्या हातातलं सूप थांबलं.

“काय गं? बरं हाय न्हवं?”

“आई, ती डबी आण.”

राजमतीनं देवघराच्या मागच्या फळीवरून पितळेची डबी आणली. लाल कापड सोडलं. शेंदरानं माखलेली, दोन जोडलेल्या हातांसारखी वस्तू, डाव्या हाताचं टोक मोडलेलं. ब्राह्मीनं असल्या वस्तू फोटोत शेकड्यांनी पाहिल्या होत्या, वनखात्याच्या पिशवीत पाहिल्या होत्या. आपल्या घरच्या लाल कापडात ती पहिल्यांदाच पाहत होती. तिनं बसमध्ये ठरवलं होतं, हळूहळू सांगायचं. तसं काही जमलं नाही.

“आई, ही मुळी न्हाई. घोरपड हाय.”

“घोरपड?”

“नर घोरपडीचं...” तिनं सांगितलं. कुठला अवयव, कसा कापतात, कसा वाळवतात. सांगताना तिची नजर सुपातल्या हळकुंडांवर होती.

राजमती हसली. खरंच हसली, कोणी बाष्कळ विनोद केल्यावर हसावं तशी. मग तिनं लेकीचं तोंड पाहिलं आणि हसू तिथंच राहिलं. तिनं आपल्या दोन्ही हातांचे तळवे वर करून पाहिले.

“जनावर मारल्याबिगर निघत न्हाई?”

“न्हाई.”

“माझ्यासाठनं मारलं?”

ब्राह्मीनं सुपातलं एक हळकुंड उचलून परत ठेवलं.

“तुझ्या दहावीच्या परीक्षेपासनं वाटायचं, पोरगी हुशार, पण घाबरती,” राजमती म्हणाली. शब्द एकेक करून येत होते. “आप्पासोमामानं दिली. माझ्या माहेरचाच माणूस, सांगलीत पूजेचं दुकान हाय त्याचं. म्हणाला, जंगलातली मुळी हाय, पोरीच्या अंगावरनं उतर. तू बारावीला गेलीस, एमेस्सीला गेलीस, दर पेपरला तू झोपेतनं उठायच्या आधी म्या ती तुझ्या कपाळाला लावायची. आणि त्याच हातानं सैपाक करायची मी. त्याच हातानं बस्तीत तांदूळ वाहायची.”

ब्राह्मीचा हात आपोआप कपाळाकडं गेला. तिला काहीच आठवत नव्हतं. इतक्या पहाटा ही वस्तू आपल्या कपाळाला टेकत होती आणि आपण झोपेत होतो.

रामगोंडा मळ्यातून आले तेव्हा मायलेकी तशाच बसलेल्या होत्या. त्यांनी पाय धुतले, आत आले आणि उघड्या डबीकडं पाहिलं. सगळं ऐकेपर्यंत ते उभेच होते. मग डबीसमोर बसले.

“माझ्या घरात,” ते म्हणाले. “अगं, माझ्या देवघरात? आठ वर्सं? आणि मला ठावं न्हाई?”

“तुमी करू दिलं नसतं.”

“न्हवतंच करू दिलं! मुळी असती तरी न्हवतं दिलं करू!” त्यांचा आवाज चिरकला. थोड्या वेळानं ते उठले, खिडकी लावून घेतली आणि हलक्या आवाजात लेकीला म्हणाले, “हे बग, झालं ते झालं. सकाळी वारणंला जातो, सोडून येतो पाण्यात. कुणाला कळायचं न्हाई. तू तुझ्या वहीत काय बी लिही. बाजारात सापडलं म्हण.”

“आण्णा, हे घरात ठेवणं गुन्हा हाय. टाकून पुरावा मोडणं हा आणखी एक.”

“मग तुझ्या आईला तुरुंगात घालतीस व्हय?”

हा प्रश्न ब्राह्मी साताऱ्यापासून स्वतःला विचारत आली होती. उत्तर राजमतीनं दिलं, पण ते भलतंच निघालं.

“आवं, ही एक नदीत सोडशीला. बाकीच्यांचं काय?”

“कुठल्या बाकीच्या?”

राजमतीनं पदर तोंडाला लावला. “हिला स्कॉलरशिप मिळाली तवा बायका विचाराय लागल्या, काय केलंस म्हणून. म्या सांगितलं. मग एकेकीला आणून दिली. आप्पासोमामाकडनं. लीलाबाई, हरणाबाई, मनुबाई... अकरा जणींस्नी दिली गं म्या.”

चोरटा व्यापार हा शब्द ब्राह्मीनं तीन वर्षांत किती वेळा लिहिला असेल. शिकारी, दलाल, दुकानदार, गिऱ्हाईक, अशी एक साखळी तिच्या प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात काढलेली होती, बाणांसकट. दुकानदार आणि गिऱ्हाईक यांच्या मधे आपली आई बसलेली असेल, हे त्या चित्रात कुठंच नव्हतं.

त्या संध्याकाळी राजमती जेवली नाही. सकाळी उठून अंघोळ करून ती तयार झाली आणि म्हणाली, “चल, कुठं जायाचं असतं ते दाव. मी माझ्या तोंडानं सांगती.”

सांगलीच्या वनखात्याच्या कार्यालयात शिवतेज नावाचा तरुण अधिकारी होता. ब्राह्मीनं वनरक्षकांना चाचणी शिकवली तेव्हा तो पहिल्या बाकावर बसून सगळ्यात जास्त प्रश्न विचारत होता. त्यानं डबी पाहिली, राजमतीला खुर्ची दिली, पाणी दिलं. तिचं बोलणं संपेपर्यंत तो लिहून घेत राहिला.

“मावशी, तुमच्यावर काही होणार नाही असं वचन मी देऊ शकत नाही,” तो म्हणाला. “तुम्ही आपणहून आलात, हे मी सगळ्यात वर लिहितो. साहेब आणि कोर्ट काय ते ठरवतील. पण त्या अकरा घरांत मी वर्दी घालून गेलो, तर सगळ्या डब्या तासाभरात नदीत जातील.”

“तुमी गाडीत थांबा,” राजमती म्हणाली. “मी मागती.”

तिनं तसंच केलं. मागून ब्राह्मी, हातात यंत्राची पेटी. पहिल्या दोघींनी ऐकून घेतलं आणि न बोलता डब्या आणून दिल्या. तिसरीनं आपल्याकडं असं काही नव्हतंच म्हणून दार लोटलं. आणखी दोघींच्या दाराला कुलूप होतं; पोरं सांगत होती की माणसं घरातच आहेत. बातमी यांच्या पुढं धावत होती. मनुबाईच्या घराशी पोचेपर्यंत तिच्या अंगणात सात-आठ बायका गोळा झालेल्या होत्या.

मनुबाई सत्तरीची. तिचा नातू जोतिबा फौजेत, लडाखला. ती उंबऱ्यातच उभी राहिली.

“न्हाई देत,” ती म्हणाली. “राजमती, तूच म्हणालीस मुळी हाय. आता तूच म्हणतीस घोरपड हाय. उद्या म्हणशील आणि कायतरी. माझा नातू बर्फात हुबा हाय. त्याच्या पाठीशी एवढंच हाय माझं.”

“मनुअक्का, म्या चुकली.”

“तू चुकलीस तर तू भोग. माझ्या नातवाला कशाला?”

तेव्हा ब्राह्मीनं पेटी अंगणातल्या दगडी कट्ट्यावर ठेवली. “मनुआजी, मी नेत न्हाई. नखभर भुकटी द्या. इथं, तुमच्यासमोर बघूया. मुळी असली तर पाणी गुलाबीच राहील, मग मी तुमच्या पाया पडून जाईन.”

बायकांनी गलका केला, बघूया तरी, बघूया तरी. मनुबाई आत गेली आणि डबी घेऊन आली. शेजारच्या हरणाबाईनंही आपली आणून कट्ट्यावर ठेवली. ब्राह्मीनं दोन्हींची भुकटी काढली. सोबत एक हळकुंडाची नळी केली, कुणाला शंका नको म्हणून. झाकण लावलं.

चाळीस मिनिटं बायका उन्हात बसून होत्या. कोणी उठून घरी गेलं नाही. यंत्रानं शिटी दिली तशी मनुबाई काठी न घेता पुढं आली.

हळकुंडाची नळी गुलाबी. हरणाबाईची गुलाबी. मनुबाईची पिवळी, लिंबाच्या सालीसारखी पिवळी.

“माझी खरी मुळी!” हरणाबाई ओरडली.

ब्राह्मीनं सुई तापवून हरणाबाईच्या जोडीला टोचली. सुई लोण्यात जावी तशी आत गेली आणि जळक्या बादलीसारखा वास सुटला.

“प्लास्टिक हाय, मावशी. साच्यातनं काढलंय.”

हरणाबाई आ वासून बघत राहिली. मग तिला राग आला, आप्पासोचा, राजमतीचा, सगळ्यांचा. आणि तो ओसरल्यावर तिनं ब्राह्मीला हळूच विचारलं, “प्लास्टिकची घरात ठेवाय गुन्हा न्हाई न्हवं? मग मला परत दे की.”

एरवी बायका हसल्या असत्या. कोणी हसलं नाही, कारण मनुबाई रांजणापाशी जाऊन हात धूत होती. तांब्यावर तांब्या ओतत होती. लीलाबाईनं जाऊन तिचा हात धरला तेव्हा ती म्हणाली, “त्याच्या पाकिटात घातलाय गं. ह्याच्यावरचा शेंदूर. कागदाच्या पुडीत बांधून, जोतिबाच्या पाकिटात. कसं सांगू त्याला?”

संध्याकाळपर्यंत अकरातल्या आठ जोड्या गाडीत आल्या. सहा पिवळ्या निघाल्या, दोन प्लास्टिकच्या. राजमतीनं आपली धरून पुन्हा मोजलं. सात नर. तिनं प्रत्येक घराच्या उंबऱ्यावर वाकून माफी मागितली होती. कुणी तिला उठवलं, कुणी बघत राहिलं.

दोन दिवसांनी शिवतेजनं वरिष्ठांची परवानगी आणि पंच घेऊन आप्पासोचं दुकान गाठलं. वस्तू कुठून घेतल्या ते दाखवायला राजमतीला बोलावलं होतं. ब्राह्मी सोबत होती. दुकान नेहमीसारखं, उदबत्त्यांचा वास, कापूर, समया. आप्पासो गंध लावून गादीवर बसलेले. त्यांनी राजमतीला पाहिलं, मागची वर्दी पाहिली आणि जागचे हलले नाहीत.

“साहेब, मी मुळी म्हणून घेतो, मुळी म्हणून विकतो,” ते म्हणाले. “मला गरिबाला काय कळतंय?”

शिवतेजनं मागच्या खोलीचं कुलूप काढायला लावलं. नारळाची पोती, हळदीकुंकवाची खोकी. कोपऱ्यात एक पोतं होतं, त्यावर ओलं गोणपाट टाकलेलं. वनरक्षक ते उचलायला गेला आणि पोतं हललं.

त्यानं तोंड सोडून ते जमिनीवर कलतं केलं. आतून एकावर एक पाच घोरपडी बाहेर घसरल्या. पाय पाठीवर ओढून तारेनं बांधलेले. तोंडं सुतळीनं आवळलेली. दोघींचे मागचे पाय भलत्याच दिशेला वळले होते. एकीनं डोळा उघडला, मिटला, पुन्हा उघडला.

ब्राह्मीनं घोरपडी पुष्कळ हाताळल्या होत्या. रानात सावलीसारख्या बिळात शिरणाऱ्या, अंगावर फुत्कारणाऱ्या. असं मुकाट पडलेलं जनावर तिनं पाहिलं नव्हतं. ती गुडघ्यांवर बसली, पण तार नुसत्या हातानं सुटणारी नव्हती. राजमती तिच्या शेजारी कधी येऊन बसली ते तिला कळलं नाही.

“सोडा की,” राजमती म्हणत होती. “आवं, सोडा की कोणीतरी. आधी तोंड सोडा.”

वनरक्षकानं पक्कड आणली. तार तुटताना तिचा कट कट आवाज होत होता. तेवढ्यात राजमती वळली. दारात आप्पासो उभे होते, वनखात्याच्या दोन माणसांच्या मधे.

“मामा, तुमास्नी ठावं हुतं?”

आप्पासोनं मान फिरवली.

“मी तुमच्या गावची लेक. तुमी माझ्या लग्नात अक्षता टाकल्या. माझ्या हातात हे देताना तुमास्नी ठावं हुतं?”

“मला हुतं,” आप्पासो म्हणाले. आवाजात राग नव्हता, समजूत काढल्यासारखा सूर होता. “पण तुला न्हवतं न्हवं, राजमती? मग तुला कसलं पाप लागतंय? तू मुळी म्हणून पूजलीस, तुला मुळीचंच फळ मिळालं. पोरगी शिकली का न्हाई?”

शिवतेजनं पंचांकडं पाहिलं. त्यांनी लिहून घेतलं. आप्पासोच्या लक्षात आलं की आपण काय बोलून बसलो, आणि त्यांनी गादीकडं जायला पाऊल उचललं. माणसांनी जाऊ दिलं नाही. राजमती त्यांच्याकडं बघतच राहिली. तिनं शिवी दिली नाही, हात उगारला नाही. तिचा चेहरा असा झाला होता, की ब्राह्मीला त्या घोरपडींपेक्षा तिचीच काळजी वाटली.

पाचांतल्या दोन त्याच रात्री गेल्या. तिघींवर उपचार झाले. त्या महिन्याभरानं सावरल्या. आप्पासोवर खटला उभा राहिला. त्यांना माल आणून देणाऱ्या दोघांना पोलिसांनी साताऱ्याकडच्या खंडाळ्याजवळ पकडलं, तिसरा अजून सापडलेला नाही. राजमतीला साक्षीदार केलं. निकाल लागेल तेव्हा लागेल. गावात हळदीकुंकवाला तीन घरांतून तिला बोलावणं आलं नाही. रामगोंडांनी महिनाभर घरात कमी शब्दांत कारभार चालवला. मग एक दिवस तिच्या जबानीच्या तारखेला तेच स्कूटर काढून म्हणाले, “बस. एसटीला लय येळ लागतोय.”

ब्राह्मीनं वहीतला मोकळा रकाना भरला. ‘नमुना: संशोधिकेच्या राहत्या घरातून.’ मॅडमनं वाचलं आणि खाली सही केली.

अजून एक धक्का बसायचा होता, आणि तो क्रांती मॅडमच्या वाट्याला आला. त्या कित्येक वर्षं सातारा जिल्ह्यातल्या वेगवेगळ्या रानांतून घोरपडींच्या कातीचे तुकडे गोळा करत होत्या, खंडाळ्याकडचे, कोयनानगरच्या घाटातले, वडूजच्या माळावरचे. प्रत्येक भागातल्या जनावरांच्या डीएनएत थोडा थोडा फरक असतो. गावातून आलेल्या सात जोड्या या तुकड्यांशी ताडून पाहायला पुण्याला पाठवल्या होत्या. आप्पासो सगळ्या गिऱ्हाइकांना सांगत, माल विंध्यातला. अहवाल आला तेव्हा मॅडमनं तो उभ्यानं वाचायला घेतला आणि बसून संपवला.

“सातांतल्या सहा वडूजच्या,” त्या म्हणाल्या. “आमच्या माळावरच्या. मी शाळेत असताना वैरणीला जायचे त्या टेकड्या. दर उन्हाळ्यात मी तिथं जाते, काती शोधते. मला वाटायचं, काती कमी सापडतायत म्हणजे माझे डोळे म्हातारे झाले.”

पावसाळा सरल्यावर रीतसर परवानगी घेऊन त्या माळावर मोजणीला गेल्या. ब्राह्मी होती, दोन वनरक्षक होते, आणि राजमती होती. तिला कोणी बोलावलं नव्हतं. ज्वारीचं पीठ, तूरडाळ आणि गाळणीचं कापड पिशवीत घालून ती एसटी स्टँडवर येऊन उभी राहिली. “तुमी रानात हिंडणार, मग जेवाय कोण घालणार?” एवढंच म्हणाली.

चार दिवस त्यांनी प्रत्येक ओघळ, प्रत्येक दगडी बांध पालथा घातला. बिळं पुष्कळ सापडली. बहुतेकांच्या तोंडाशी कोळ्यांनी जाळी केलेली. घोरपडी सापडल्या तीन. मॅडमनं एकेक अलगद धरली, शेपटीच्या मुळाशी तपासली, मोजमाप घेतलं आणि सोडली.

“मादी,” पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या.

“मादी,” तिसऱ्या दिवशी.

चौथ्या दिवशी तिसरी सापडली तेव्हा त्यांनी ती दोनदा तपासली. ब्राह्मी पेन धरून थांबली होती.

“मादीच आहे, लिही. आणि तिनावरून काही म्हणता येत नाही, तेही लिही. नमुना फार लहान आहे.”

ब्राह्मीनं दोन्ही ओळी लिहिल्या. घोरपड बांधाच्या कडेनं वर गेली, थांबली, जीभ बाहेर काढून वाऱ्याचा वास घेतला आणि दगडांत दिसेनाशी झाली. राजमती तिच्या मागं बघत उभी होती.

“नर नसला तर हिचं काय हुणार?” तिनं विचारलं.

“म्हातारी होईल,” मॅडम म्हणाल्या. “आपल्याला दिसत राहील अजून पाच-दहा वर्षं. लोक म्हणतील, आहेत की घोरपडी.”

वनरक्षक सामान आवरायला लागले. परवानगीतले दोन दिवस उरले होते, पण काम संपलं असं सगळ्यांनीच धरलं होतं. राजमतीनं पिठाच्या पिशवीत हात घालून अंदाज घेतला.

“अजून दोन दिस पुरंल,” ती म्हणाली. “पल्याडची टेकडी राहिलीया न्हवं?”

मॅडमनं ब्राह्मीकडं पाहिलं. मग त्यांनी सामानाला बांधलेली दोरी सोडली, टोपी घातली आणि पलीकडच्या टेकडीकडं चालायला लागल्या.